पंगतीबाहेरची माय

श्रावणातला रविवार होता. अमळनेरजवळच्या त्या गावात निंबा पाटलाच्या घरी कानबाई देवी बसली होती, आणि त्याची बायको प्रमिलाबाई सकाळपासून नैवेद्याच्या रोटांची कणीक मळत होती. हे रोट भाऊबंदांनीच खायचे, परक्याला तुकडाही द्यायचा नाही. सासू मंजुळाबाई शेजारी बसून भाजीचं गंगाफळ, लाल भोपळा चिरत होती, हाताच्या अंदाजाने, मान एका बाजूला वळवून.

ही वळवलेली मान गावाच्या डोळ्यांत खुपत होती. दोन वर्षं झाली, म्हातारी समोरच्याला ओळखत नसे. व्याही दारात आले तरी तोंड फिरवी. आणि तीच म्हातारी अंगणातली बादली मात्र बरोबर चुकवून जाई! मग काय, ढोंगी म्हणून मोकळे व्हायला गावाला कितीसा वेळ लागतो? प्रमिलाबाईही तिला दोनदा नाही नाही ते बोलली होती. आता ते आठवलं की तिला स्वतःचीच लाज वाटे.

कारण गेल्या महिन्यात जळगावच्या डॉक्टरांनी तिला आणि निंबाला समोर बसवून सांगितलं होतं, "हा मोतीबिंदू नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग वयाने झिजलाय. समोर पाहिलं की मधोमध धुरकट डाग दिसतो, कडेचं तेवढं दिसतं. म्हणून त्या मान वळवतात. ऑपरेशनने हे बरं होणार नाही."

निंबाने त्यातलं शेवटचंच ऐकलं. म्हातारपणी डोळा गेला म्हणजे मोतीबिंदू, मोतीबिंदू म्हणजे ऑपरेशन. ऑपरेशन नाही, म्हणजे आजारच नाही! परतताना एस.टी.त तो आईशी अक्षर बोलला नाही. प्रमिलाबाईने चारदा समजावलं. पण बायकोचं ऐकेल तो पाटील कसला?

दुपारी पंगत बसायच्या वेळी भाऊबंदांतले वडीलधारे चिंधा आबा उठले. आज देवीसमोरच वहिनींची परीक्षा होऊ दे, म्हणाले. त्यांनी वाटेत लोटा ठेवला आणि पलीकडे निंबाला उभं केलं.

"वहिनी, आठे या."

म्हातारी आली. लोट्याला वळसा घालून लेकासमोर थांबली.

"सांगा, हाऊ कोन शे?"

ती मान वळवू लागली.

"तोंड नका फिरवू! समोर देखा!"

तिने समोर पाहिलं. "नही दिखस, भाऊ."

"देखा रे!" आबा कडाडले. "लोटा दिखस, आंडोर दिखस नही! कानबाईसमोर ढोंग करस. हिले रोट देवाना नही."

रोट नाही, म्हणजे ती घरचीच नाही. पंचेचाळीस वर्षं या देवीचं दळण जिने दळलं, ती एका वाक्यात परकी झाली. आणि पोटचा लेक? तो जमिनीकडे बघत उभा होता.

प्रमिलाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती कणकेच्या हातांनी उठली, नवऱ्याचा चष्मा काढला, दोन्ही काचांच्या मधोमध कणीक थापली आणि चष्मा परत त्याच्या नाकावर चढवला.

"पायजवळना लोटा दिखस का?"

"दिखस."

"समोर कोन शे?"

निंबाने डोळे फाडून पाहिलं. समोरचं काहीच दिसेना. नकळत त्याची मान वळली.

"तोंड नका फिरवू!" प्रमिलाबाई ओरडली.

पहिले भानावर आले ते आबा. "रोटनी कणीक चष्माले लावी? बठ्ठं बाटाडी टाकं!" चिमूटभर कणीक बाटली म्हणून त्यांचा जीव तुटला. उभ्या माणसासाठी तो तुटला नव्हता.

"माय पंगतमा बसनार नही, ते मी वाढनार नही," प्रमिलाबाई म्हणाली. "मन्हा हातना रोट कोनलेच नही."

आबा तणतणत निघून गेले, त्यांच्यामागे चार घरं गेली. प्रमिलाबाईने कुणालाही थांबवलं नाही. तिने सासूला पहिल्या पाटावर बसवलं आणि ताटात रोट वाढला.

निंबा चष्मा पुसत दारात घुटमळला. मग आईसमोरच्या पाटाकडे आला.

"बसानं व्हई ते पहिले नाव सांगा," प्रमिलाबाई म्हणाली. "त्यासले तुमनं तोंड दिखस नही."

बेचाळीस वर्षांचा तो माणूस आईपुढे उकिडवा बसला.

"माय, मी निंबा."

मंजुळाबाईने मान वळवली. डोळ्याच्या कडेने त्याला नीट न्याहाळलं.

"दोन वरीस कोठे व्हता रे?"