दुखानचा पालथा पर्जन्यदेव

मी एक जुना, दगडी पर्जन्यदेव आहे. मित्रांनो, हसू नका.

कोलंबस जहाजात बसण्याच्या कितीतरी आधी मेक्सिकोतल्या एका पाथरवटाने मला काळ्या दगडातून कोरलं. गोल डोळे, बाहेर आलेले सुळे, रुंद नाक. उरलेल्या दगडाचे त्याने मका वाटायचे पाटे केले. देवळात बसून मी त्यांची कीव करत असे. लोक माझ्याकडे पाऊस मागत आणि बहुतेकदा तो पडेही.

पुढे देऊळ ढासळलं, जंगल माजलं. तेल शोधणाऱ्या एका साहेबाने मला उचललं आणि १९५३ साली बदलीबरोबर कतारमधल्या दुखानला आणलं. वाळवंटात पर्जन्यदेव! वाटलं, इथे तरी माझी गरज पडेल. साहेबाने मला दाराला टेकू म्हणून लावलं. दार आपटू नये, याखेरीज कुणी माझ्याकडे काही मागितलं नाही.

साहेब गेला आणि मी परसात पालथा पडलो. तोंडावर डांबर आणि वाळूचा थर. तेवढ्यात साहेबाच्या खानसाम्याची, अबूबकरची, बायको हजरा रत्नागिरीहून आली. जहाजातून पाटा कोण आणणार? तिला माझी सपाट पाठ दिसली.

"वा भाभी, पाट्यावरचं ते पाट्यावरचंच!" शेजारचा बशीर तिसऱ्यांदा कालवण वाढून घेत म्हणे. इतक्या वर्षांनी स्तुती झाली, तीही पाठीची.

ईदेआधी हजराने मला घासायला उलटं केलं. डांबर निघालं.

"अहो, इकडे या! पाट्याला दात आहेत!"

"या अल्ला, मूर्ती? नमाजाच्या घरात?" अबूबकरने हातोडा आणला. "तोंड फोडतो, खलास."

"थांबा! नाक फोडाल तर पाटा डुगडुगेल. नाकावरच टेकतो तो."

"आणि सुळे?"

"सुळ्यांमुळे सरकत नाही. कालवण खायचंय ना रोज?"

अबूबकरने हातोडा खाली ठेवला. "मग पालथाच राहू दे. कुणाला दिसतंय?"

इकडे मी किती वर्षांनी आकाश पाहत होतो! सगळी ताकद लावली. ढग आला. दोन थेंब पडले.

"अगो बाय, सुकट भिजेल!" हजरा ओरडली. दोघांनी मला धाडकन पालथं केलं आणि सुकटीकडे धावले. पाऊस तिथेच थांबला.

"इन्शाल्ला, आता पडायचा नाही," अबूबकर म्हणाला.

मित्रांनो, वाटून झालं की पाटा धूत जा. आणि वर्षातून एकदा, सुकट आत घेतल्यावर, मला थोडा वेळ उताणं ठेवा.