पिवळं दिसलं तरच

आमच्या वृद्धसेवा केंद्राचा पिवळा रंग आजारी दिसतो, हा शोध एका डिझायनरला लागला आणि साहेबांना तो लगेच पटला. केंद्र पालिकेचं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना घरपोच डबा आणि औषधं द्यायची, एवढंच आमचं काम. मी तिथला ड्रायव्हर. आजाऱ्यांकडे जाणारी गाडी आजारी दिसली तर कुणाचं काय बिघडतं, असं मला वाटलं. पण ड्रायव्हरला गाडी चालवण्याचा पगार मिळतो, वाटण्याचा नाही.

डिझायनरने पडद्यावर नवं बोधचिन्ह दाखवलं. दोन वाकड्या रेघा. एक म्हणे आधार आणि दुसरी आपुलकी. नवा रंग राखाडी, त्याला तो पहाटेचं धुकं म्हणत होता. ज्यांच्या गोवऱ्या मसणात गेल्यात त्यांच्या दारात राखेच्या रंगात जाऊन उभं राहायचं, ही अक्कल माणसाला शिकूनच येत असावी. गाड्या, पाट्या, डबे, जाकिटं, सगळं बदलायचं ठरलं आणि टाळ्या पडल्या.

टाळी वाजवली नाही ती फक्त अक्काने. अक्का म्हणजे आमची सगळ्यात जुनी सेविका. तिने विचारलं, की दार कोण उघडणार?

प्रश्न बरोबर होता. मागे काही भामटे आमचं नाव सांगून म्हाताऱ्यांच्या घरात शिरत आणि लुबाडून जात. तेव्हा केंद्रानेच घराघरात, दाराच्या आतल्या बाजूला एक चित्र चिकटवलं होतं. पिवळं जाकीट दिसलं तरच दार उघडायचं, नाहीतर प्रत्यक्ष देव आला तरी नाही. आम्ही ते पाढ्यांसारखं घोकून घेतलं होतं. सगळ्यात पक्कं बसलं ते शिवणाच्या मास्तरीणबाईंच्या डोक्यात. त्यांचे कान पार गेलेले, आठवणही विरलेली. सकाळी काय खाल्लं ते दुपारी सांगता यायचं नाही. पण दाराच्या भिंगाला डोळा लावायच्या आणि पिवळं दिसलं की कडी काढायच्या. आत गेल्यावर अक्काला आधी बसवायच्या, तिचं बटण तुटलंय का बघायच्या आणि मगच डबा उघडायच्या. स्वतःचं माणूस म्हणावं असं त्यांना दुसरं कुणी उरलं नव्हतं.

साहेब म्हणाले, नवी चित्रं छापून चिकटवू. चित्रं आली ती वरातीमागून घोडं तशी, जाकिटं बदलून गेल्यावर. ती चिकटवायची दाराच्या आत. आत जायला दार उघडायला हवं. दार उघडायला पिवळं जाकीट हवं, आणि त्यावर तर बंदी. बाकीच्या म्हाताऱ्यांनी ओळखीचा आवाज ऐकून दारं उघडली. मास्तरीणबाईंना आवाज ऐकू येत नव्हता.

म्हणून अक्का जुनं जाकीट पिशवीत घालून न्यायची आणि त्यांच्या जिन्यात अंगावर चढवायची. नवं चित्र तिने आत चिकटवलंही, पण बाईंच्या विरलेल्या डोक्यात ते काही बसेना. तरी आमचं छान चाललं होतं. मग एक दिवस जाहिरातीसाठी फोटो काढत फिरणाऱ्या फोटोग्राफरने तिला तशी पाहिली आणि हौसेने फोटो साहेबांना दाखवला. साहेबांनी जाकीट काढून घेतलं आणि अक्काला कोठीत डबे मोजायला बसवलं.

“केंद्राला एकच चेहरा हवा,” ते म्हणाले. “तुमच्या एकटीसाठी दोन नाही ठेवता येत.”

“साहेब, बाईंना केंद्र माहीत नाही,” अक्का म्हणाली. “त्यांना फक्त पिवळं माहीत आहे.”

साहेबांनी फोन उचलला, म्हणजे बोलणं संपलं.

नवी सेविका राखाडी जाकिटात जायची, घंटी दाबली की बाईंच्या बहिऱ्या कानांसाठी बसवलेला दिवा आत लागायचा, भिंगामागे सावली हलायची आणि दार बंदच राहायचं. ती शेरा लिहायची, सेवा नाकारली. डबा परत यायचा. दारात ठेवलेला डबा बाई घ्यायच्या नाहीत, कारण अनोळखी माणसाने ठेवलेलं खायचं नाही हेही आम्हीच शिकवलं होतं. पुढे खालच्या शेजारणीने कळवलं, की म्हातारी खिडकीत दिसते पण पार वाळली आहे. त्यावर साहेबांनी निष्कर्ष काढला, की बाई एकटीने राहायला असमर्थ आहेत. त्यांना पालिकेच्या वृद्धाश्रमात हलवायचा हुकूम निघाला. राहता राहिलं दार. ते फोडावं तर नव्या रंगाच्या उद्घाटनाच्या तोंडावर पेपरात बातमी येणार. म्हणून साहेबांनी कोठीत येऊन, स्वतःच्या हाताने, अक्काला पिवळं जाकीट दिलं.

तिला वाटलं, डबा द्यायला जायचंय. तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. गाडीत मी तिला खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, “मी नाही गेले तर?”

“दार फोडतील.”

“आणि त्या घाबरून जीव सोडतील.” तिने जाकिटाची बटणं लावली. “चल.”

मी डबा घेऊन तिच्यामागे जिना चढलो. दोन राखाडी परिचारक आणि साहेब खालच्या वळणावर थांबले. भिंगात डोळा आला आणि लगेच कडी निघाली. मास्तरीणबाईंचं नुसतं कातडं उरलं होतं, पण त्या हसल्या.

“किती उशीर केलास गं पोरी,” त्या म्हणाल्या. “मी कुणालाच उघडलं नाही हं.”

अक्काने मान हलवली. तेवढ्यात परिचारक वर आले. बाईंनी ते राखाडी कपडे पाहिले आणि त्यांच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. त्या अक्काचा हात धरून तिला आत ओढायला लागल्या. “आत ये लवकर,” त्या म्हणत होत्या. “ते आलेत. तू आत ये, मी दार लावते.”

अक्काने दारात पाय घातला. लावू दिलं नाही.

केसाने गळा कापणं म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं, आणि कापणारीच ढसाढसा रडत होती. बाईंना तो पाय कळलाच नाही. गाडीत बसवल्यावरही त्या तिची बाही घट्ट धरून बसल्या. हळूच सांगत होत्या, की तू घाबरू नकोस, मी आहे ना, गाडी थांबली की आपण दोघी पळू. अक्काने डब्यातला भात भरवला तेव्हा पहिला घास त्यांनी तिलाच खायला लावला. मी आरशात बघणं बंद केलं.

वृद्धाश्रमाच्या फाटकात फोटोग्राफर उभा होता. नव्या रंगातलं पहिलं स्वागत टिपायचं होतं. साहेब खिडकीशी येऊन म्हणाले, “ते जाकीट काढा आता. फोटोत पिवळं नको.”

अक्काने बाही सोडवून घेतली आणि जाकीट काढलं. आत नवा राखाडी गणवेश होताच. साहेबांनी जाकीट घडी करून काखेत मारलं. बाईंनी आधी शेजारी पाहिलं, मग गाडीभर पाहिलं. अक्का त्यांच्या समोर होती, गालांवरचं पाणी अजून सुकलं नव्हतं, पण बाईंच्या नजरेत ओळखीचा मागमूस नव्हता. त्यांनी तिच्यापुढे हात जोडले.

“मला कुठेही न्या,” त्या म्हणाल्या. “पण त्या पोरीला सोडून द्या हो. तिने काही केलं नाही.”