मागचा दिवा

"उतर बघू, पटकन उतर! दोनच मिनिटं थांबते!"

"अहो, ढकलू नका. मी काय पार्सल आहे?"

गार्डने बायकोचा हात धरून तिला फलाटावर उतरवलं आणि सवयीने घड्याळात पाहिलं. नोकरी संपून चार महिने झाले होते, पण गल्लीत अजून सगळे त्याला गार्डच म्हणायचे. एकतीस वर्षं याच मार्गावर काढलेली. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगर आणि मध्ये चार जुनी बंदराची गावं. माणसं कुठून कुठून हा मार्ग बघायला येतात. गार्डला चारही गावं तोंडपाठ होती, म्हणजे त्यांचे फलाट तोंडपाठ होते.

"किल्ला कुठल्या बाजूला?" बायकोने विचारलं.

गार्डने डोकं खाजवलं. "किल्ला ना... इथल्या नळाचं पाणी मात्र फार गोड आहे हां."

"एकतीस वर्षांत नळच बघितलात?"

"मग दोन मिनिटांत आणखी काय बघणार, बाई?"

ही सहल बायकोचीच. गेल्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, की औषधाने दुखणं हळू चालेल, पण थांबायचं नाही. वर्षभरात फक्त उजेड-अंधार कळेल. जे बघायचं ते आत्ताच बघून घ्या. बायको तिथे रडली नाही. जिना उतरताना म्हणाली, "तुमची ती चार गावं मला दाखवा. झोपेतसुद्धा त्यांचीच नावं घेता. सवती माझ्या, एकदा तोंडं तरी बघू द्या."  गार्डने त्याच आठवड्यात तिकिटं काढली. संध्याकाळपर्यंत पहिलं गाव, मग सहा-वीसच्या गाडीने दुसरं, असा सगळा बेत आखला.

बायको बाकावर बसून चपलेचा पट्टा लावू लागली. पिशवी गार्डच्या खांद्याला होती. तेवढ्यात शेवटच्या डब्यातून हाक आली, "साहेब! तुम्ही इकडे कसे?" नवा गार्ड होता, याच्याच हाताखाली शिकलेला. गार्ड दोन शब्द बोलायला गेला. दोनाचे चार झाले. नव्या गार्डने शिट्टी फुंकली, हिरवा झेंडा हलवला, गाडीला हिसका बसला, आणि म्हाताऱ्याचा हात आपोआप दांड्यावर गेला, पाय पायरीवर पडला. जित्याची खोड, दुसरं काय!

वर चढून नेमाप्रमाणे तो बाहेर डोकावला. बाकावर निळ्या छत्रीवाली कोणी बाई एकटीच बसलेली दिसली. बिचारीची गाडी चुकली वाटतं, असं त्याच्या मनात आलं. तोवर फलाट सरून गेला होता.

"साहेब," नवा म्हणाला, "बाईसाहेब आल्या नाहीत का?"

"अरे देवा!" गार्डच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने बायकोला फोन लावला. फोन त्याच्याच खांद्यावरच्या पिशवीत वाजला.

नव्या गार्डने हसू दाबत स्टेशनमास्तरांना फोन केला. परतीची गाडी तीन तासांनी होती. थोड्या वेळाने मास्तरांचा निरोप आला. "बाई म्हणाल्या, सावकाश या म्हणावं. मला सवय आहे."

नव्याला त्यात गंमत वाटली. गार्डची मान खाली गेली. मुलगी झाली तेव्हा तो ड्यूटीवर होता. सासूबाई गेल्या तेव्हाही. दर वेळी पुढच्या गाडीने पोहोचला आणि दर वेळी हिने दार उघडून एवढंच म्हटलं, "आलात? हातपाय धुवा." त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तो परत आला तेव्हा साडेचार वाजून गेले होते. बायको त्याच बाकावर होती.

"अगं, किल्ला पाचला बंद होतो! तू गेली का नाहीस?"

"तुमच्याशिवाय बघायचा असता तर बहिणीबरोबर नसते आले? तुमच्याबरोबर बघायचाय मला."

समुद्राकाठच्या भिंतीवरून दोघं निघाली. ती छत्रीने पायऱ्या चाचपत होती, त्याला घाई करवत नव्हती. पोहोचली तेव्हा पहारेकरी दाराला कुलूप घालत होता.

"उद्या या. नऊला उघडतो."

"पाचच मिनिटं, भाऊ," गार्डने विनवलं. "हिचे डोळे..."

बायकोने त्याचा हात दाबला. "राहू द्या हो. त्यांनाही घरी जायचंय." मग ती दाराच्या दगडांवरून बराच वेळ हात फिरवत राहिली.

परतताना दोघं भिंतीवर टेकली. खालून रूळ जात होते. उन्हं कलली होती.

"चला, उठा," ती म्हणाली. "सहा-वीसची चुकेल."

गार्डने मनगटावरचं घड्याळ काढून पिशवीत टाकलं. "चुकू दे. उद्या नऊला उघडतो म्हणालाय ना तो."

"आणि पुढची गावं?"

"सवती कुठे पळून जात नाहीत तुझ्या."

स्टेशनात शिट्टी झाली. गार्डचा गुडघा टुणकन वर आला. बायकोचा हात त्यावरच होता, ती खुदकन हसली. "बसा हो, गार्डसाहेब!" तो बसला.

गाडी धडधडत खालून गेली आणि मागचा लाल दिवा दिसू लागला. ज्या डब्यात जन्म गेला त्याची पाठ गार्ड आज पहिल्यांदाच बघत होता.

"अगं, हा दिवा केवढा लांबून दिसतो!"

"मला सांगताय? तुमची गाडी निघाली की रोज गच्चीवरून तोच बघायचे. दिसेनासा झाला की खाली यायचे, कामाला लागायचे."

"रोज?"

"रोज."

 गार्डने तिचा हात दोन्ही हातांत घेतला. दिवा अजून जवळच होता, चांगला लालभडक. ती डोळे बारीक करून भलतीकडेच, समुद्राकडे बघत होती.

"आहे का हो अजून?"

"आहे."

"गेला की सांगा."

"सांगतो," गार्ड म्हणाला. दिवा वळणाआड गेला, तरी तो काही बोलला नाही.