गुरुजींची खोली

जालन्याच्या स्टेशनामागे साहेबराव गुरुजींचं घर होतं. पुढे राहतं घर, मधे अंगण आणि अंगणापलीकडे पत्र्याची एक खोली. ती भाड्यानं द्यायची म्हणून बांधली होती, पण तिच्यात भाडेकरू कधी आलाच नाही. खोली पुरी होत आली आणि गुरुजींचे थोरले भाऊ कडूबा यांना जबड्याचा कॅन्सर निघाला. गुरुजी त्यांना मुंबईला घेऊन गेले. तिथं एका धर्मशाळेनं दोघा भावांना फुकट ठेवून घेतलं, कोण कुठले ते विचारलं नाही. कडूबा वाचले नाहीत. पण गुरुजींच्या मनातून ती धर्मशाळा गेली नाही.

"आपली खोली रिकामीच आहे," ते बायकोला म्हणाले. "खेड्यातून मुंबईला जाणारे पेशंट स्टेशनात पडून राहतात. येता-जाता एक मुक्काम आपल्याकडं करतील."

पुष्पाबाईंनी मान डोलावली. दिराचं दुखणं त्यांनीच काढलं होतं. मुलगी सासरी गेलेली, मुलगा औरंगाबादला शिकायला. घर तसं मोकळंच होतं.

बघता बघता खोलीचं नाव झालं. भोकरदन, अंबड, परतूर, कुठूनही माणूस मुंबईला 'लाइट', म्हणजे कॅन्सरवरचे किरणांचे शेक, घ्यायला निघाला, की त्याला कुणीतरी सांगायचं, "जालन्याला गुरुजींच्या खोलीवर उतरा." मनमाडपर्यंत जाणारी मीटरगेजची लहान गाडी धरायची असो, नाहीतर परत येताना गावाकडची एसटी चुकलेली असो, लोक पत्ता विचारत येत. गुरुजी त्यांना हात धरून आत आणत, तब्येतीची चौकशी करत, गाडीच्या वेळा सांगत आणि शाळेची वेळ झाली की निघून जात.

मागं उरायच्या पुष्पाबाई. कुणाला गिळता यायचं नाही, त्याच्यासाठी पातळ पेज. कुणाला वासच सहन व्हायचा नाही, म्हणून फोडणी बाहेर चुलीवर. आणि गोधड्या. ओकारीनं, पुवानं, रक्तानं भरलेल्या गोधड्या. ते त्र्याहत्तरचं साल होतं, दुष्काळाचा उन्हाळा. नळाला कधी पाणी यायचं, कधी नाही. पुष्पाबाई दूरच्या हापशावरून हंडे आणायच्या आणि ते पाणी गोधड्यांवर घालताना त्यांचा जीव तुटायचा.

बुद्धपौर्णिमेला विहारात गुरुजींचा सत्कार झाला. पुष्पाबाई बायकांत मागं भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांचा डोळा लागला. टाळ्या वाजल्या तेव्हा त्या दचकून जाग्या झाल्या. शेजारची बाई म्हणाली, "नशीबवान आहात." पुष्पाबाई हसल्या. 

त्याच उन्हाळ्याच्या अखेरीला वडीगोद्रीहून गिरिजाबाई आली. पिशवीचा कॅन्सर. बरोबर नवरा सर्जेराव, शेतकरी माणूस, फार कमी बोलणारा. गिरिजाबाईनं भाकरी गावाहून बांधून आणली होती आणि पाणीही. पितळी कळशीत, वर फडकं बांधून. पुष्पाबाईंनी तांब्या पुढं केला तर ती म्हणाली, "असू द्या, हाय आमच्यापाशी." पुष्पाबाईंनी तांब्या उचलून नेला. असलं त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. राग यायलासुद्धा अंगात बळ लागतं, ते त्या दिवशी नव्हतं.

महिन्याभरानं ती दोघं मुंबईहून परत आली ती दुपारच्या गाडीनं. गिरिजाबाई अर्धी झाली होती. अंबडकडची एसटी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. सर्जेरावनं तिला खोलीत निजवलं आणि कळशी घेऊन तो पुन्हा बाहेर पडला. पुष्पाबाई अंगणात गोधडी पिळत होत्या. त्यांनी ते पाहिलं आणि मान खाली घातली.

तेवढ्यात गुरुजी शाळेतून आले. त्यांच्यामागे एक जोडपं होतं. बाईच्या गळ्याला पट्टी होती.

"स्टेशनावर बसले होते," गुरुजी म्हणाले. "खोलीत जागा न्हाई म्हणून काय झालं? आपल्या घरात झोपतील. आपण ओसरीवर पडू. तू जरा पेज टाक, जल्दी. सकाळपासून पोटात काही न्हाई त्यांच्या."

पुष्पाबाई उठल्या नाहीत.

"ऐकलं का?"

"ऐकलं," त्या म्हणाल्या. "मी न्हाई टाकत."

गुरुजींना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काय?"

"माझ्यानं होत न्हाई आता. हात उचलत न्हाईत." त्यांचा आवाज चढला नव्हता. उलट तो इतका खाली होता की गुरुजींना वाकून ऐकावं लागलं. "तुम्ही माणसं आणून राह्यले, मी धुवून राह्यले. कुठवर?"

"अगं, पाहुण्यांसमोर काय बोलतेस? आजारी माणसं आहेत."

"मला दिसतं ना. मीच बघते त्यांना दिवसभर."

नवीन आलेला माणूस ओशाळला. गाठोडं उचलत म्हणाला, "आम्ही जातो गुरुजी, स्टेशनातच बरं हाय." त्याच्या बायकोनं भिंतीला हात टेकला. 

तेव्हा खोलीच्या दारात गिरिजाबाई आली. चौकटीला धरून उभी राहिली.

"कुठं जाऊ नका," ती त्या माणसाला म्हणाली. "बसा हितंच." मग गुरुजींकडं वळली. "गुरुजी, बाईला झोपू द्या आज. चूल तुम्ही पेटवा."

"मी?"

"मंग कोण? आमचा माणूस मुंबईत रोज पेज करत होता माझ्यासाठी. लोकांच्या चुलीवर. पयल्यांदा करपवली, मंग शिकला."

गुरुजी तिथंच उभे राहिले. शाळेचा सदरा, खिशाला पेन. मग त्यांनी बाह्या वर केल्या आणि चुलीकडं गेले.

गिरिजाबाई हळूहळू येऊन पुष्पाबाईंजवळ टेकली. खाली बसताना तिला कळ आली, ती तिनं दातांत धरली.

"पाण्याचं म्हनून बोलते," ती म्हणाली. "मागच्या खेपेला तुमचं पाणी प्याले न्हाई. तुम्ही जे समजल्या ते बराबर होतं. खोटं कशाला बोलू? लहानपणापून तेच शिकवलेलं. पन मंग पडल्या पडल्या बघत होते. तुम्ही हंडा घेऊन आल्या, परत गेल्या, परत आल्या. मनात आलं, हिचं पाणी पिऊ नये म्हणते मी, अन हिनं माझी गोधडी ह्याच पाण्यानं धुतली. आज मालकाला मीच धाडलं पाण्याला. तुमच्या डोक्यावरचा एक हंडा तरी कमी होईल."

पुष्पाबाईंनी हातातली गोधडी खाली ठेवली. म्हणाल्या, "मावशी, तुम्ही आत पडा. ऊन लागून राह्यलं तुम्हाला."

"तुम्ही पडा आधी."

पुष्पाबाई घरात गेल्या आणि भर दिवसा आडव्या झाल्या. बाहेर चुलीचा धूर झाला, गुरुजी खोकत होते, पाणी घेऊन परतलेला सर्जेराव त्यांना काहीतरी सांगत होता. पेज करपल्याचा वास आला. पुष्पाबाईंना तो वास आला आणि त्या उठल्या नाहीत.

सकाळी गिरिजाबाई आणि सर्जेराव एसटीनं गेले. गळ्याला पट्टी असलेली बाई आणि तिचा नवरा मनमाडच्या गाडीनं गेले. त्यांची गोधडी गुरुजींनी धुवायला घेतली. पाण्यात पडली की ती किती जड होते हे त्यांना ठाऊक नव्हतं. पिळताना एक टोक हातातून निसटून मातीत पडलं. त्यांनी वळून पाहिलं. पुष्पाबाई उंबऱ्यावर बसून चहा पीत होत्या.

"रोज असंच असतं?" त्यांनी विचारलं.

"हिवाळ्यात वाळत न्हाईत," त्या म्हणाल्या.

 त्या रविवारी गुरुजींनी खोलीत एक स्टोव्ह आणून ठेवला, दोन पातेली ठेवली. येणाऱ्याला सांगू लागले की सोबतच्या माणसानं शिजवायचं, पाणी आणायचं, जाताना आपली गोधडी आपण धुवायची. असं सांगताना त्यांना फार जड जायचं. एकदोघांनी नाकं मुरडली. एक जण तर म्हणाला, "पूर्वीचं राहिलं न्हाई इथं." 

पावसाळा सरता सरता सर्जेराव एकटाच आला. अंगणात उभा राहिला. बोलायची गरज पडली नाही. पुष्पाबाईंनी त्याला भाकरी वाढली. ती त्यानं खाल्ली, पाणी प्याला आणि म्हणाला, "अंबडला काम होतं, म्हटलं सांगून यावं." अंबडचं काम करून जालन्याला कुणी येत नाही, ते वडीगोद्रीच्या उलट्या अंगाला पडतं, हे दोघांनाही माहीत होतं.

तो गेल्यावर पुष्पाबाई गुरुजींना म्हणाल्या, "मी भोकरदनला जाऊन येते, भावाकडं. किती वर्षं झाली."

"कधी येशील?"

"झोप झाली की."

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी पिशवी भरायला मदत केली आणि स्टँडवर सोडलं.

माहेरी पुष्पाबाई खरोखरच झोपल्या. भावजय जेवायला उठवायची, जेवून त्या पुन्हा पडायच्या. कुणी काही विचारलं नाही. पहिले काही दिवस स्वप्नातसुद्धा त्या काहीतरी पिळत होत्या. नंतर स्वप्नं थांबली. मग एके दिवशी त्या सकाळी आपणहून उठल्या, अंघोळ केली आणि म्हणाल्या, "जाते."

एसटीनं अंग आंबवलं. स्टँडवरून चालत घरी पोचेपर्यंत दुपार झाली. गुरुजी शाळेत होते. खोलीचं दार उघडं होतं आणि अंगणात एक अनोळखी बाई स्टोव्हला पिन मारत बसली होती. आत कुणीतरी कण्हत होतं. दोरीवर गोधडी वाळत होती, नीट पिळलेली नव्हती, खाली थेंब पडत होते.

त्या बाईनं पुष्पाबाईंकडं पाहिलं. हातात पिशवी, उतरलेला चेहरा, पायावर धूळ.

"या बाई, या," ती जागा करत म्हणाली. "लाजू नका, इथं पैसे घेत न्हाईत. कुठून आल्या?"

"भोकरदनहून."

"सोबत कोणी न्हाई?"

"न्हाई."

"अगं बाई! एकट्याच?" तिनं पुष्पाबाईंच्या हातातली पिशवी घेतली, भिंतीजवळ ठेवली. "टेका तिथं. माझे मालक आत निजलेत, आता ओकले म्हणून जरा वास हाय. मी चहा टाकते. गुरुजी येतील आता, चांगला माणूस हाय. कुठं दुखतं तुमचं?"

पुष्पाबाई भिंतीला टेकल्या. पाय लांब केले. आपण कोण ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण स्टोव्ह पेटला होता, पातेलं वर चढलं होतं आणि बाई साखरेचा डबा शोधत होती.

"पाय दुखतात," त्या म्हणाल्या. "साखर खिडकीत आहे. मागच्या बाजूला."