बोर की शेंगदाणा

मित्रांनो, मी एक जुना दूधपावडरीचा डबा आहे. आता माझ्या पोटात खिळे आणि स्क्रू असतात, कडा गंजल्या आहेत. पण एक गोष्ट अजून माझ्या घशाखाली उतरलेली नाही. ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म कुठल्याशा थंड देशातल्या कारखान्यात झाला. पत्रा वाकवला, आत पांढरी पावडर भरली आणि मला जहाजावर चढवलं. दुबईजवळच्या अजमानमधल्या दुकानातून सुजातावहिनींनी मला घरी आणलं. पावडर संपली तेव्हा वाटलं, आता आपली रवानगी कचऱ्यात. माझी बहुतेक भावंडं तिकडेच गेली. पण धडधाकट वस्तू फेकायची नाही, हा वहिनींचा खाक्या. त्यांनी मला घासूनपुसून उन्हात ठेवलं आणि दिवाळीचा चिवडा भरला. आमच्या लहानशा इमारतीत सगळी मराठी बिऱ्हाडं होती आणि प्रत्येक घरातला हात माझ्यात बुडायचा. कोण चार दाणे उचलतो आणि कोण तळाशी जाऊन काजू शोधतो, हे मला न बघता कळे.

अंगणात बोरीचं झाड होतं. इमारतीच्या अरब मालकाच्या वडिलांनी लावलेलं. खाऱ्या वाळूत वाढलं, पण जानेवारीत बोरांनी लगडायचं. इमारतीतल्या प्रत्येक बाळाचं बोरन्हाण त्याच बोरांनी झालं. उन्हाळ्यात मात्र ते झाड हनीफचं. हनीफ दापोलीकडचा. तो आमचा नातूर, म्हणजे इमारतीचा राखणदार. गेटजवळच्या पत्र्याच्या खोलीत तो राही. जुलैच्या दुपारी त्या खोलीत उभं राहणंही अशक्य. मग तो झाडाखालीच जेवी, तिथेच पडे आणि तिथेच साहेबांच्या गाड्या धुई.

पुढे गाड्या वाढल्या. पाखरं गाड्यांवर घाण करतात अशी कुरकुर सुरू झाली. झाड काढून कापडी छताचं पार्किंग करावं, असं कुणीतरी मालकाला सुचवलं. मालक विचारात पडला आणि म्हणाला, "तुम सब मिलके बोलो. तुम बोलेगा काटो, तो काटेगा. तुम बोलेगा नहीं, तो बात खलास."

मंडळी हरखली. परक्या मुलखात आपल्याला कोण विचारतं? इथे तर सरळ निवाडाच हाती दिला होता. वहिनींच्या बाळाचं, नीरवचं बोरन्हाण होतं, त्याच संध्याकाळी मत घ्यायचं ठरलं.

सुरेशभाऊ सगळ्यांचे पुढारी. दुबईतल्या रास अल खोरच्या गोदामात मॅनेजर. ते म्हणाले, "चिठ्ठ्या नकोत, अक्षर ओळखू येतं. बोरन्हाणाच्या ताटातलंच घेऊ. बोर म्हणजे झाड राहू दे, शेंगदाणा म्हणजे पार्किंग. ज्याच्या नावावर कुटुंबाचा व्हिसा, त्याचं घरटी एक मत."

"भाऊजी, बोरं आम्ही वेचायची आणि मत तुम्ही द्यायचं?" वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, रूल इज रूल. सिस्टीम पाहिजे ना काहीतरी."

दारात हनीफ उभा होता. "साहेब, मीपण एक बोर टाकू का?"

सगळे हसले. "अरे हनीफभाई, तुझा फ्लॅट कुठाय?"

वहिनींची लेक काव्या म्हणाली, "बट अंकल, ही लिव्ज हिअर टू."

मग सुरेशभाऊंचं भाषण झालं. झाड म्हणजे प्राणवायू, झाड म्हणजे पुढची पिढी, वाळवंटात हिरवं पान म्हणजे देवाचं देणं. टाळ्या पडल्या. मीही मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. मतपेटी म्हणून मला आतल्या खोलीत ठेवलं, तोंडावर फडकं टाकलं आणि एकेक जण येऊ लागला.

पहिला हात आला. शेंगदाणा. मला वाटलं, असेल एखादा. दुसरा आला, तोही शेंगदाणा. मग काजू शोधणारा हात आला, सुरेशभाऊंचा. शेंगदाणा! मित्रांनो, टाळ्यांचा आवाज अजून विरलाही नव्हता. शेवटी वहिनींचे यजमान वासुदेवराव आले. ज्या घरात मी वाढलो, त्या घरचा हात. माझ्या तोंडाशी बराच वेळ थांबला. मी पत्र्याचा, पण मला घाम फुटायचा बाकी होता. त्यांनीही शेंगदाणाच टाकला.

बाहेर नेऊन मला ताटात पालथं केलं. एकही बोर नव्हतं.

"असं कसं?" सुरेशभाऊंच्या तोंडून निघून गेलं. "मला वाटलं, तुम्ही बाकीचे तरी बोर टाकाल."

"मलाही तेच वाटलं," वासुदेवराव पुटपुटले. बाकीचे आपापल्या चपला शोधू लागले. प्रत्येकानं झाड दुसऱ्याच्या भरवशावर सोडलं होतं आणि गाडीची सावली स्वतःसाठी राखली होती.

वहिनी नीरवला कडेवर घेऊन पुढे आल्या. "परत मत घ्या. या वेळी आम्ही बायका देऊ, हनीफ देईल."

"निकाल लागल्यावर असं करता येत नाही, वहिनी. शेवटी लोकशाही आहे," सुरेशभाऊ म्हणाले.

चिवड्यात कधी खवट दाणा लागावा, तसा तो शब्द मला लागला.

दुसऱ्या दिवशी मालक आला. निकाल ऐकून तो सरळ झाडाकडे गेला. मग झाडाच्या बुंध्यावर हात ठेवून म्हणाला, "ये मेरा बाप लगाया. हम सोचा, तुम लोग काटो नहीं बोलेगा. इसके वास्ते तुमको पूछा."

पण त्यानं शब्द दिला होता. यंत्र आलं, झाड गेलं, छत उभं राहिलं.

जुलै आला. मी खिडकीत होतो, म्हणून मला दिसलं. नवं छत गाड्यांच्या मापाचं, अगदी हातभरही जास्त नाही. गाड्या सावलीत होत्या आणि हनीफ बाहेरच्या उन्हात, डोक्यावर ओला टॉवेल टाकून त्या पुसत होता. मध्येच तो बादलीशेजारी मटकन खाली बसला. वासुदेवराव पाणी घेऊन जिना उतरत धावले. हनीफ पाणी प्यायला आणि म्हणाला, "साहेब, जरा गाडी मागं घेता का? तिथं पडतो थोडा वेळ."

मित्रांनो, तुमच्याही हाती कधी मत येईल. ते दुसऱ्यावर सोडू नका. आणि देण्याआधी दाराबाहेर एकदा बघा, सावलीत कोण बसलंय ते. त्यालाही विचारा. वासुदेवरावांनी त्या दुपारी गाडी मागे घेतली आणि ते स्वतः उन्हात उभे राहिले, पण झाड काही परत आलं नाही.