बोटभर फट

लग्न होऊन उभा जन्म गेला, पण दार लावून बसता येईल अशी खोली मला कधी मिळाली नाही. मुलगी सासरी गेली, तशी मी तिच्या खोलीत शिलाई मशीन हलवलं आणि नवऱ्याला बजावलं, "पडदा नको, दार हवं. आतून कडी. आणि माझं काम चालू असताना आत यायचं नाही!"

नवरा सुतार. गावभर दारं बसवली. आमच्या दाराखाली मात्र बोटभर फट!

"ही काय थेरं?"

"लाकूड फुगतं गं."

"अहो, दुसऱ्या कुणाला गंडवा!"

ते रंधा पुसत बसले. मी चिंध्यांची लांबलचक गुंडाळी शिवली आणि आतून फट बुजवून टाकली. काय सुख सांगू!

दुसऱ्या दिवशी बाही जोडता जोडता लक्षात आलं, बाहेरचं काहीच ऐकू येत नाही. ना रंधा, ना त्यांची ती बेसूर शीळ, जिच्यापायी मी रोज डोकं धरते. मशीन थांबवून कान दिला. काही नाही. धावत जाऊन दार उघडलं, तर हे धाडकन माझ्या अंगावर! दाराला कान लावून उभे होते.

"लाज नाही वाटत, या वयात चोरून ऐकायला?"

"मशीन थांबलं," ते म्हणाले. चेहरा पांढराफटक. "गेल्या वर्षी असंच थांबलं, तेव्हा तू चक्कर येऊन पडली होतीस. आता ते थांबलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. म्हणून फट ठेवली."

मला रडू आलं आणि रागही आला. आधी राग काढला. "मग तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

"तुला इतक्या वर्षांनी खोली मिळाली. त्यात माझं रडगाणं कुठे लावू?"

मी गुंडाळी उचलून त्यांच्या हातात कोंबली. "ही घ्या, कमरेला टेकायला. फट राहू दे. पण कडी माझी. आणि यायचं ते टकटक करून."

संध्याकाळी टकटक झाली.

"कोण?"

"मी."

"मी म्हणजे कोण?"

घरात माणसं दोनच. पण हे विचारायची संधी जन्मात पहिल्यांदा आली होती, ती काय सोडते मी! मग फटीतून शीळ आली, तीच, बेसूर.

त्यांना ऐकू जावं म्हणून मी मशीन थोडं चालवलं, आणि मग सावकाश उठून कडी काढली.