हरवलेला खर्ज आणि मी

मित्रांनो, आवाज बिघडला की घरातल्या माणसांची पहिली नजर माझ्यावरच जाते. दिवे माझ्यावर, बटणं माझ्यावर आणि सगळ्यात जास्त जागा अडवतो तोही मीच. शेवगावच्या एलिया सरांच्या बैठकीत राहणारा मी जुना अ‍ॅम्प्लिफायर. कॅसेटमधून किंवा मोबाईलमधून येणारा अगदी बारीक संकेत घ्यायचा, स्पीकरचा पडदा हलवील इतका जोरकस करायचा आणि पुढे धाडायचा, हे माझं काम.

पुण्यातल्या एका लहान कारखान्यात माझे सांधे एकेक करून जोडले गेले. सरांची शाळेतली नोकरी कायम झाली त्या महिन्यात त्यांनी मला विकत घेतलं आणि नगरहून एसटीत मांडीवर बसवून आणलं. "सर, याचं हाफ तिकीट काढा," असं कंडक्टर म्हणाला होता. ते दिवस काय वर्णावेत! संध्याकाळी मी सुरू झालो की शेजारची मंडळी ओट्यावर येऊन बसत. सरांच्या पत्नी दयाबाईंनी माझ्यासाठी क्रोशाचा रुमाल विणला. पुढे मोठा टीव्ही आला आणि त्याच रुमालाखाली मी धूळ खात पडलो. एक पाल तर माझ्या पोटात संसार थाटून गेली.

पण वर्षातून एकदा माझी आठवण नक्की व्हायची. एलिया सर चर्चच्या क्वायरचे, म्हणजे गायकवृंदाचे, प्रमुख. नाताळाच्या प्रॅक्टिसला ते स्वतः पेटी वाजवतात, त्यामुळे मागच्या ओळीतले खर्जाचे आवाज त्यांना नीट ऐकू येत नाहीत. म्हणून मागच्या ओळीतच गाणारा त्यांचा मुलगा नोहा सगळी गाणी मोबाईलवर रेकॉर्ड करतो. घरी आल्यावर मोबाईल माझ्या पाठीला वायरने जोडायचा, आणि कोण कुठे चुकलं ते सरांनी ओळखायचं, अशी पद्धत.

यंदा मात्र पहिल्याच रेकॉर्डिंगला सरांचा चेहरा उतरला.

"मागची पोरं गातात का नुसती उभी राहतात रे?"

"गातात की पप्पा! लई जोरात गातात," नोहा म्हणाला.

सरांनी तीन वेळा ऐकलं. मग मला बंद करून हळूच म्हणाले, "दया, माझे कान गेले. रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांना सांगतो, क्वायर आता दुसऱ्या कुणाकडे द्या."

मित्रांनो, तेव्हा माझ्यात वीज असती तर मी ओरडलो असतो!

शनिवारी त्यांची मुलगी आराधना घरी आली. ती भौतिकशास्त्राची पदवीधर, सुप्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात नुकतीच लागलेली. पहिल्या पगारातून पप्पांच्या स्टिरिओसाठी तिने थोडे पैसे बाजूला काढले होते. त्यात एकच वस्तू बसणार होती. मग कोणती?

"अ‍ॅम्प्लिफायर!" नोहाने क्षणाचाही वेळ घेतला नाही. "हे धूड भंगारात घाल ताई. दुकानदार म्हनला, नवीन घ्या, डबल वॅटचा."

"दुकानदार म्हणणारच. त्याला विकायचाय," आराधना म्हणाली.

"काहीच घेऊ नका," सर म्हणाले. "दोष कानाचा आहे."

"कोणते आवाज ऐकू येत नाहीत पप्पा? वरचे की खालचे?"

"खालचे. खर्ज."

आराधना ताडकन उठली. "वयाने कान उतरतात ना, तेव्हा बहुतेक आधी वरचे सूर जातात! तुम्हाला क्वायरमधल्या त्या आरतीची वरच्या पट्टीतली बारीक हरकतसुद्धा ऐकू येते आणि खर्ज तेवढा येत नाही? हे कानाचं लक्षण वाटत नाही मला. थांबा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर गुन्हेगार कोण ते कळणार नाही."

माझ्या सगळ्या सांध्यांतून शहारा गेला. चौकशी सुरू झाली!

आधी तिने माझ्या पुढच्या खाचेत हेडफोन खोचला आणि सरांच्या कानावर चढवला. सरांचे डोळे मोठे झाले. "अगं, आला! खर्ज आला!"

"म्हणजे कान निर्दोष, मोबाईल निर्दोष," आराधना बोटांवर मोजत म्हणाली, "आणि हे धूडही बहुधा निर्दोष."

बहुधा! तरी मला केवढं हायसं वाटलं.

मग तिने एकटा डावा स्पीकर लावला. खर्ज भरदार. एकटा उजवा लावला. खर्ज भरदार, फक्त आवाज वाढवला की किंचित फरफर. दोन्ही एकदम लावले आणि खर्ज गायब!

"भूतबाधा," दयाबाई म्हणाल्या.

"भूत नाही मम्मी, नोहा!" आराधनाने स्पीकरच्या मागची वायर वर उचलून धरली. नाताळाआधी या घराला दरवर्षी रंग देतात. यंदा तो नोहाने दिला होता, आणि उचलायचा कंटाळा म्हणून भिंतीसोबत वायरही रंगवून टाकली होती. दोन पदरांपैकी एकावरची लाल रेघ रंगाखाली गडप झाली, आणि नंतर जोडताना उजव्या स्पीकरचे पदर उलटे लागले.

"म्हणजे काय बिघडलं?" नोहाने विचारलं.

"एकाचा पडदा पुढे जातो तेव्हा दुसऱ्याचा मागे येतो. शेजारी शेजारी ठेवलेत, त्यामुळे खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात."

तिने पदर अदलाबदल केले. मग मला सुरू केलं. मित्रांनो, काय सांगू! ओट्याची फरशी थरथरली, शोकेसमधल्या बशा किणकिणल्या, आणि मागची ओळ छाती काढून बैठकीत येऊन उभी राहिली.

सर डोळे मिटून ऐकत होते. अचानक त्यांनी बोट उचललं. "थांब! दुसऱ्या कडव्यात कोण घसरतंय? मागच्या ओळीतला करण नाही तो. नोहा, तू!"

नोहाने कपाळावर हात मारला. "कान गेले हुते तेच बरं हुतं, पप्पा!"

दयाबाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची धरावी लागली. मग त्यांनी विचारलं, "काय हो, मग रविवारी पाळकसाहेबांना काय सांगायचं?"

"सांगायचं की मंगळवारी जादा प्रॅक्टिस आहे. फक्त खर्जवाल्यांची."

आराधनाच्या पैशांतून शेवटी स्पीकरची जोडी आली. उजव्याच्या पडद्याची कड विरली होती, ती फरफर त्याचीच. इतकी वर्षं शेजारी राहिलेले ते दोघे गेले तेव्हा मला वाईट वाटलं. पण निर्णय बरोबर होता. बैठकीएवढ्या खोलीला माझी निम्मी ताकदही पुरते, मग डबल वॅट कशाला?

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं कुणी असेल. आवाज बिघडला तर त्याला लगेच भंगारात काढू नका आणि मोठ्या माणसांच्या कानांनाही दोष देऊ नका. एकेक गोष्ट तपासा. मगच खिशात हात घाला. आणि भिंत रंगवताना वायर तेवढी बाजूला करा!